मुंबई बेटास जाण्याच्या वाटा : जुन्या व हल्लींच्या

मुंबई हें शहर बेटावर वसलेलें आहे, ही गोष्ट शाळेंत जाणाऱ्या मुलासही ठाऊक असते. परंतु मुंबईस जाणाऱ्या प्रवाशाच्या ती क्वचितच ध्यानांत राहते. आगगाडी कुर्ल्याहून शिवेस अगर वांद्र्याहून माहिमास येते, तेव्हां आपण खाडी उतरून दुसऱ्या बेटावर आलों, असें डब्यांतील कोणासही वाटत नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकास हा विसर पडला म्हणजे मात्र जुन्या कागदांचा अर्थ चुकतो. पुण्याहून कोणी मुंबईस गेल्याची नोंद आढळली कीं, आजचा नकाशा डोळ्यांपुढें ठेवून आपण कल्याण, ठाणें, कुर्ला, शीव अशी वाट मनाशीं आंखतों. आणि ज्या काळाचा तो कागद असतो त्या काळीं बहुतेक प्रवासी त्या वाटेनें जातच नसत. प्रस्तुत लेखांत मुंबईस पोंचण्याच्या वाटा कोणत्या होत्या, त्या केव्हां व कां बदलल्या, आणि आज त्या शहरीं नव्यानें जाणाऱ्यास त्यांचा माग कोठें लागतो, हें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे. कागद वाचणारा व शहर पाहावयास जाणारा, अशा दोघांसही त्याचा उपयोग व्हावा.

(१) बेट व त्याची शीव

आज जो जमिनीचा सलग पट्टा दिसतो तो पूर्वीं सात बेटांचा समूह होता. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी व माहीम हीं तीं सात बेटें. भरतीच्या वेळीं त्यांच्यामध्यें पाणी शिरे व ओहोटीस चिखल राही. या समूहाच्या उत्तरेस साष्टी हें मोठें बेट. त्याच्या व मुंबईच्या मध्यें पश्चिमेस माहीमची खाडी आणि पूर्वेस शिवेजवळचा उथळ पाण्याचा भाग. इ. स. १५३४ मध्यें गुजराथच्या बहादुरशहानें वसईसह हा मुलूख पोर्तुगीजांस दिला. १६६१ च्या विवाहाच्या तहानें मुंबई इंग्लंडच्या राजाकडे जावयाची ठरली. प्रत्यक्ष ताबा १६६५ सालीं मिळाला, व १६६८ मध्यें राजानें तें बेट वार्षिक दहा पौंड खंडानें कंपनीच्या स्वाधीन केलें. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली.

१७३७ च्या मार्चांत मराठ्यांनीं ठाणें घेतलें, आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं वसई सर केली. तेव्हांपासून १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेईपर्यंत, म्हणजे सुमारें सदतीस वर्षें, माहीमची खाडी व शीव ही मराठे आणि इंग्रज यांच्या राज्यांची हद्द होती. वसई पडतांच मुंबईच्या किल्ल्याभोंवतीं खंदक खणण्याची घाई झाली व व्यापाऱ्यांनीं त्यासाठीं वर्गणी दिली, यावरून ही हद्द इंग्रजांस किती जवळ वाटत होती तें दिसतें. साष्टीचा कायमचा हक्क त्यांना १७८२ च्या सालबाईच्या तहानें मिळाला. शीव या नांवाचा अर्थच हद्द असा आहे; गांवची शीव म्हणतात तीच ही.

ही हद्द नकाशावरून पुसली गेली असें मानण्याचें कारण नाहीं. मुंबई शहर व मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांची सीमा आजही येथेंच आहे. परगांवच्या माणसास ती पहिल्याच दिवशीं कळते, पण निराळ्या रीतीनें: तीन चाकी रिक्षा वांद्र्याच्या व शिवेच्या दक्षिणेस जात नाहीं. माहीमच्या खाडीच्या अलीकडे प्रवाशास उतरून टॅक्सी, बस किंवा आगगाडी धरावी लागते. रिक्षाचा नियम कांहीं जुन्या तहांतून निघालेला नाहीं. परंतु शहर कोठें सुरू होतें हें ठरवितांना ज्या पाण्याकडे मराठे व इंग्रज पाहत होते, त्याच पाण्याकडे पुढील राज्यकर्त्यांनींही पाहिलें, एवढें त्यावरून निश्चित म्हणतां येतें.

(२) घांटावरून येणारी वाट

पुण्याहून मुंबईस जाणारा प्रवासी तळेगांव, वडगांव, कार्लें व खंडाळें या मार्गानें बोरघाटाच्या तोंडाशीं येई. घाट उतरला कीं खोपोली. तेथील तलाव व महादेवाचें देऊळ नाना फडणिसांनीं बांधविलें, तें उतारूंच्या सोयीसाठींच होय. खोपोलीहून चौक व चौकाहून पनवेल. येथें जमिनीवरची वाट संपे. पनवेलच्या खाडींत मचव्यांत बसावें, खाडींतून बाहेर पडून मुंबईचें विस्तीर्ण बंदर ओलांडावें, आणि मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर एखाद्या धक्क्यास लागावें, असा हा क्रम होता.

ठाण्याची वाट सोडून पाण्यांतून जाण्याचें कारण उघड आहे. जमिनीनें जावयाचें म्हणजे उत्तरेस वळसा घालून कल्याणच्या बाजूस जावें, ठाण्याची खाडी उतरावी, साष्टी बेट लांबीनें ओलांडावें व पुन्हां शिवेजवळ पाणी उतरावें. पनवेलचा मचवा सामानासकट थेट मुंबईच्या बाजारापाशीं नेऊन सोडी. मात्र त्या प्रवासाची वेळ प्रवाशाच्या हातीं नसे. खाडींतून निघण्यास ओहोटी व परत शिरण्यास भरती लागे, शिवाय वारा अनुकूल असावा लागे. म्हणून जुन्या कागदांत पनवेलीस मुक्काम लांबलेला दिसला, तर त्यांत राजकारण शोधण्यापूर्वीं भरती-ओहोटीचा विचार करावा.

या वाटेचें महत्त्व १७७८-७९ च्या मोहिमेवरून चांगलें कळतें. राघोबादादांस पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठीं मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज समुद्रांतून पनवेलीस उतरली व बोरघाट चढून वर आली. कार्ल्यापाशीं ४ जानेवारी १७७९ रोजीं कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपल्याकडील लोकांचा 'इष्टुर फांकडा', पडला. आणि त्याच महिन्यांत वडगांव येथें इंग्रजांस मानहानीचा करार करावा लागला. फौजेनें धरलेली वाट आणि व्यापाऱ्याची रोजची वाट एकच होती.

बोरघाटांतून गाड्या जाण्याजोगा रस्ता गव्हर्नर माल्कम याच्या कारकीर्दींत १८३० सालीं खुला झाला. तेव्हांही तो रस्ता पनवेलीसच मिळत होता. पुढें तीस-पस्तीस वर्षांत मात्र सर्व उलटलें.

(३) बंदरें व धक्के

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर जुन्या प्रवाशाचीं सर्व दारें होतीं. पालवा बंदर, बोरीबंदर, मशीद बंदर, चिंच बंदर हीं नांवें आज रस्त्यांना, वस्त्यांना व स्टेशनांना राहिलीं आहेत. पण त्या नांवांच्या ठिकाणीं उभें राहून पाहिलें तर पाणी दिसत नाहीं. १८७३ मध्यें पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८०, १८८८ व १९१४ सालीं मोठ्या गोद्या पुऱ्या झाल्या. भरणी घालून किनारा पूर्वेस सरकविण्यांत आला. बोरीबंदर नांवाचें ठिकाण आज छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस या स्टेशनानें व्यापलें आहे. 'पालवा' या शब्दाचें इंग्रजांनीं 'अपोलो' केलें, आणि त्या बंदरावर १९११ सालीं पायाभरणी होऊन १९२४ मध्यें गेट वे ऑफ इंडिया ही कमान खुली झाली. विलायतेच्या बड्या लोकांसाठीं ही कमान होती. कोंकणी उतारूचें दार निराळें होतें.

तें दार म्हणजे भाऊचा धक्का. भाऊ अजिंक्य या गृहस्थांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तो बांधला. हल्लींचा धक्का मूळच्या जागेवर नाहीं. नांव तेवढें प्रवाशांबरोबर पुढें चालत आलें आहे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें व पणजी या किनाऱ्याचे लोक पिढ्यान् पिढ्या आगबोटीनें मुंबईस आले. बहुतेक ठिकाणीं आगबोट किनाऱ्यास लागत नसे. ती खोल पाण्यांत उभी राही, आणि माणसें, पेट्या, फणस व कोंबड्या पडावांत घालून तिच्यापर्यंत नेत. पावसाळ्याच्या तोंडीं बंदरें बंद होत, तीं नारळी पौर्णिमेनंतर उघडत. त्यामुळें ज्येष्ठ-आषाढांत कोंकणांतून मुंबईस पोंचलेला माणूस कागदांत दिसला, तर तो घाट चढून व पुन्हां उतरून आला असावा, ही शक्यता आधीं पाहावी.

मोठ्या माणसांनाही किनाऱ्याचीच वाट सुरक्षित वाटे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरच्या लढाईंत होळकरांचा जय होतांच दुसरे बाजीराव महाडाकडे निघाले; तेथून सुवर्णदुर्ग व रेवदंडा या मार्गानें जहाजांतून ते डिसेंबरांत वसईस पोंचले, आणि ३१ डिसेंबरास तो प्रसिद्ध तह झाला. या तहाची हकीकत सर्वत्र दिली जाते. पेशवे समुद्रावरून तेथें गेले, याकडे मात्र फारसें लक्ष दिलें जात नाहीं.

या पाण्याचें मोलही लोकांनीं दिलें आहे. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट वादळांत उलटली व सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. त्या दिवशीं अवस होती. श्रावणाच्या आधीं घरीं पोंचावें म्हणून कामकरी लोक निघाले होते. अलीबाग व उरण या तालुक्यांच्या गांवांत ही गोष्ट अद्याप विसरलेली नाहीं. लांब पल्ल्याच्या कोंकण बोटी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत संपल्या, आणि १९९८ सालीं कोंकण रेल्वे सलग सुरू झाली. तरी पाण्याची वाट अगदींच मोडली नाहीं. भाऊच्या धक्क्यावरून मोरा व रेवस येथें लाँच जातात. गेट वे पासून मांडव्यास व घारापुरीस बोटी सुटतात. आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसकट मांडव्यास नेणारी मोठी बोटही आहे. पावसाळ्यांत गेट वे कडील बोटी बऱ्याच अंशीं बंद असतात, हें जाणारानें आधीं चौकशी करून पाहावें. जुना नियम येथें अद्याप चालू आहे.

(४) बांध व लोहमार्ग

बेटें सांधण्याचें काम शंभर वर्षें चाललें होतें. वरळीच्या बाजूनें शिरणारें समुद्राचें पाणी १७८४ च्या सुमारास हॉर्नबी याच्या बांधानें अडविलें गेलें. शिवेचा बांध गव्हर्नर डंकन याच्या कारकीर्दींत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं झाला व मुंबई साष्टीशीं जोडली गेली. कुलाब्याचा बांध १८३८ सालीं पुरा झाला. माहीम व वांद्रें यांच्यामध्यें नाव चाले. तेथें लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांनीं १,५७,००० रुपये देऊन बांध करविला, तो १८४५ मध्यें खुला झाला. या देणगीस त्यांनीं अट घातली ती ही कीं, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून जकात घेऊं नये.

त्यानंतर आठ वर्षांनीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत एकवीस मैलांची पहिली आगगाडी धांवली. १८५४ मध्यें ती कल्याणास व १८५६ मध्यें खोपोलीस गेली. १८५८ सालीं खंडाळें ते पुणें हा तुकडा सुरू झाला. तेव्हां कांहीं वर्षें प्रवासी खोपोलीपर्यंत गाडीनें येत, घाट पालखींतून अगर पायीं चढत, व वर दुसऱ्या गाडींत बसत. १८६३ च्या एप्रिलांत बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाल्यावर ही अडचणही गेली. पश्चिमेकडून सुरतेची गाडी १८६४ मध्यें ग्रँट रोडपर्यंत आली. याप्रमाणें दहा-बारा वर्षांत मुंबईचें दार पनवेलच्या खाडींतून उठून ठाण्याच्या पुलावर गेलें. पनवेलीस लोहमार्ग पोंचावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. 'मुंबईचें वर्णन' हें गोविंद नारायण माडगांवकर यांचें पुस्तक याच १८६३ सालचें. म्हणून जुनें शहर जातांना व नवें येतांना, असें दोन्ही त्यांच्या नजरेस पडलें.

(५) शहरांत फिरणें

मुंबईंत फिरणाऱ्यानें एक गोष्ट ध्यानीं धरली म्हणजे पुष्कळ श्रम वांचतात. बेट दक्षिणोत्तर लांब व रुंदीला थोडें आहे. किल्ला अगदीं दक्षिणेस होता, आणि म्हणून पेढ्या, कचेऱ्या व न्यायालय त्याच भागांत वाढलीं. १८६०-७० च्या दरम्यान किल्ल्याचे तट पाडले, तरी कामाचें ठिकाण हललें नाहीं. यामुळें सकाळीं आठपासून अकरापर्यंत माणसांचा लोंढा दक्षिणेकडे व सायंकाळीं पांचपासून नवापर्यंत उत्तरेकडे जातो. अलीकडे उपनगरांत नव्या कचेऱ्या उभ्या राहिल्यापासून हा नियम थोडा सैल झाला आहे, तरी मोडला नाहीं. नवख्या माणसानें या लोंढ्याच्या उलट दिशेनें, अगर दुपारीं, फिरावें. लोकल गाड्यांच्या पश्चिम, मध्य व हार्बर अशा वाटा आहेत. पहिल्या दोन दादर येथें मिळतात. गाडी जलद कीं धीमी हें पाहून बसावें. स्त्रियांचे डबे निराळे असतात.

विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर प्रथम सुरू झाली. त्यापूर्वींचें शहरांतलें मुख्य वाहन ट्राम. ९ मे १८७४ रोजीं घोड्यांच्या ट्रामा चालू झाल्या. १९०७ मध्यें विजेच्या आल्या. ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम थांबली. बसगाड्या १५ जुलै १९२६ पासून आहेत. २०१४ पासून मेट्रो आली, आणि आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरांत पुरी झाली. ती मिठी नदीच्या खालून जाते, म्हणजे जुनी शीव आतां जमिनीच्या पोटांतूनही ओलांडली जाते.

ज्यास जुनें शहर पायीं पाहावयाचें असेल त्यानें १८७४ च्या ट्रामचीच वाट धरावी, असें आम्ही सुचवितों. पालव्यापासून निघून १७१८ सालचें सेंट टॉमस चर्च पाहावें. चर्चगेट हें नांव या देवळाच्या बाजूस असलेल्या किल्ल्याच्या दरवाज्याचें. दरवाजा गेला व नांव दूरच्या स्टेशनास राहिलें. पुढें १८३३ सालीं पुरा झालेला टाऊन हॉल व त्यांतील एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय. तेथून बोरीबंदर, क्रॉफर्ड मार्केट व शेवटीं पायधुणी. माझगांवाकडील व वरळीकडील पाणी मुंबईच्या बेटापासून वेगळें करी तें याच बाजूस. ओहोटीला चिखलांतून आलेले लोक येथें पाय धूत, अशी या नांवाची उपपत्ति सांगतात. उमरखाडी जवळच आहे. रस्त्यावर कोठेंही खाडीचें चिन्ह नाहीं, पण नांवें साक्ष देत आहेत.

नांवांहून बोलकी साक्ष पावसाची. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व शहर बुडालें. दर वर्षीं थोड्याबहुत पावसानें पाणी सांचतें तें हिंदमाता, शीव, कुर्ला यांसारख्या सखल जागीं. आणि यांतील पुष्कळ जागा जुन्या खाड्यांच्या अगर खाजणांच्या आहेत. मुसळधार पाऊस व मोठी भरती एका वेळीं आली म्हणजे पाण्यास जावयास वाट राहत नाहीं. म्हणून पावसाळ्यांत मुंबईस जाणाऱ्यानें पनवेलच्या मचवेवाल्याप्रमाणें भरतीची वेळ पाहून निघावें, हा सल्ला हास्यास्पद नाहीं.

(६) कागद वाचणारास सूचना

या प्रदेशांत एका नांवाचीं दोन ठिकाणें पुष्कळ आहेत. वसईच्या मोहिमेंत मराठ्यांनीं १७३९ च्या जानेवारींत घेतलेलें माहीम तें केळवें-माहीम. मुंबईचें माहीम नव्हे. आंग्र्यांचा कुलाबा अलीबागेसमोरील जलदुर्ग; मुंबईचा कुलाबा निराळा. साष्टी तर दोन आहेत: एक ठाण्याची व दुसरी गोव्याची, आणि १७३९ मध्येंच व्यंकटराव घोरपडे यांनीं गोव्याच्या साष्टींत शिरून मडगांव घेतलें. एकाच वर्षाच्या कागदांत 'साष्टी' हा शब्द आला म्हणजे तो कोणत्या बाजूचा, हें आजूबाजूच्या गांवांवरून व उतारांवरूनच ठरवावें लागतें. वाटेचें ज्ञान येथें नुसतें कुतूहल नसून प्रमाण आहे.

(७) उपसंहार

दीडशें वर्षें मागें पडलेली पनवेलची वाट आतां पुन्हां पुढें येत आहे. १९७३ मध्यें वाशीचा पूल झाला. १९९२ मध्यें आगगाडी मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीस गेली, आणि आज बोरीबंदराहून पनवेलीस हार्बर गाडीनें सव्वा ते दीड तासांत पोंचतां येतें. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून समोरच्या किनाऱ्यास जाणारा अटल सेतु खुला झाला. त्याची लांबी सुमारें २१.८ किलोमीटर, व त्यांतील सुमारें १६.५ किलोमीटर पाण्यावर आहे. २०२५ च्या ऑक्टोबरांत पनवेलीजवळच्या नवी मुंबई विमानतळाचें उद्घाटन झालें. म्हणजे विमानानें येणारा पाहुणा आतां पनवेलीशेजारीं उतरून समुद्र ओलांडून मुंबईस जाऊं शकतो. नाना फडणिसांच्या काळच्या प्रवाशास ही वाट ओळखतां आली असती. फक्त भरतीची वाट पाहावी लागत नाहीं, याचें त्याला नवल वाटलें असतें.

परंतु वाट परत आली तरी तिच्या खुणा परत येणार नाहींत. पूर्व किनाऱ्यावरील जुन्या धक्क्यांच्या पायऱ्या, उतारांचीं मराठी नांवें, कोणत्या खाडींत कोणत्या भरतीला मचवा शिरे याची माहिती, हें सर्व आज थोड्या वृद्ध नाखव्यांच्या व कोळ्यांच्या तोंडीं उरलें आहे. बखरी व पत्रें दप्तरांत सुरक्षित आहेत. हीं नांवें कोणत्याच दप्तरांत नाहींत. पनवेल, उरण, रेवस, माझगांव व माहीम येथें राहणाऱ्या आमच्या वाचकांस विनंती आहे कीं, आपापल्या गांवच्या धक्क्याचें नांव, त्याची जागा व तेथून कोठें नाव जात असे, एवढें तरी विचारून लिहून पाठवावें. अशा नोंदी जमल्यास या किनाऱ्याच्या उतारांचा नकाशा करणें शक्य होईल, व पुढील संशोधकास वाट चुकण्याचें कारण राहणार नाहीं.